मुरुमांवर सॅलिसिलिक की बेन्झॉइल?

प्रश्न : नाकावर आणि हनुवटीवर ब्लॅकहेड्स आहेत, गालांवर लाल, पू असलेल्या पुळ्या येतात. सॅलिसिलिक ॲसिड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड रोज रात्री एकावर एक लावत होते. आता त्वचा सोलवटते, चेहऱ्याची आग होते. यातलं कोणतं बंद करू?

उत्तर : सध्या दोन्ही. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, एवढंच ठेवा. आग आणि सोलवटणं पूर्ण थांबेपर्यंत घाई नको, कारण अशा दाहाचे डाग, विशेषतः सावळ्या त्वचेवर, महिनोन् महिने राहतात.

त्यानंतर दोन्ही वापरता येतील, पण वेगवेगळ्या जागी. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट रंध्रात उतरून तिथे चिकटलेल्या मृत पेशी सुट्या करतं. ब्लॅकहेड्सचं मूळ तेच, म्हणून नाक-हनुवटीला हे लावा. २ टक्के पुरे. बेन्झॉइल पेरॉक्साइड मुरुमांतले जिवाणू मारतं आणि अँटिबायोटिकला होतात तसे ते त्याला निगरगट्ट होत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. गालांसाठी हे. २.५ टक्क्यांचंच घ्या. १० टक्क्यांनी पुळ्या फारशा जास्त कमी होत नाहीत, कोरडेपणा आणि जळजळ मात्र वाढते.

दोन्ही गालांना मिळून वाटाण्याएवढं जेल, चेहरा नीट कोरडा झाल्यावर, एक रात्र सोडून. फक्त पुळीवर ठिपका देऊ नका. जिथे पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर हवा, म्हणजे नव्या पुळ्यांनाही आळा बसतो. वर मॉइश्चरायझर. दोन आठवडे त्रास झाला नाही, तर रोज लावा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण त्याआधीच कंटाळून सोडतात. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे ठेवा, बेन्झॉइलने रंग उडतो.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक टाळा. चेहरा सुजला किंवा अंगावर पित्त उठलं, तर लावणं लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. त्या खड्डे पाडतात.

प्रश्न : बेन्झॉइलचं जेल अजिबात सोसत नाही. फेसवॉश चालेल का?

उत्तर : चालेल. ओल्या चेहऱ्यावर लावून दोन ते पाच मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. लावल्या लावल्या धुतलंत तर औषधाला वेळच मिळत नाही.