पहिलं जुनं बेसबॉल कार्ड घेण्याआधी

बेसबॉलपटू मिकी मँटलच्या, टॉप्स कंपनीने छापलेल्या १९५२ च्या कार्डापासून सुरुवात करू नकोस. सगळे त्याच्याच मागे, म्हणून भाव गगनाला भिडलेत. शिवाय ते त्याचं पहिलं कार्डही नाही, पहिलं १९५१ चं, बोमन या दुसऱ्या कंपनीचं. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मान-दालनात, रॉबिन रॉबर्ट्स, अर्ली विन, रिची अ‍ॅशबर्नही आहेत. त्यांची पन्नासच्या दशकातली कार्डं त्यामानाने खूपच स्वस्त पडतात, आणि मला तर तीच जास्त जवळची वाटतात.

कोपरे झिजलेले, मधे पुसटशी घडी असली तरी खुशाल घे. भीती बाळगायची ती कापलेल्या कार्डाची. मी १९५६ चं एक घेतलं होतं, कोपरे अगदी टोकदार. घरी येऊन त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डावर ठेवलं, तर एका बाजूने केसभर आखूड! झिजलेली कड लपवायला कुणीतरी पातं फिरवलं होतं. फार जिवाला लागलं. तेव्हापासून पट्टी सोबत असते. १९५७ पासूनची टॉप्स कार्डं अडीच बाय साडेतीन इंच, १९५२ ते १९५६ ची त्याहून मोठी. टॉप्सनेच १९८३ मध्ये १९५२ चा संच पुन्हा छापला, तोही अडीच बाय साडेतीनच्याच लहान मापात, म्हणजे तोही पट्टीने ओळखू येतो.

आणि डाग दिसला म्हणून खोडरबर मात्र लावू नकोस.