शिरकाव, आवक की आयात?

देवगडच्या एक शिक्षिका झोपेच्या आजाराच्या परजीवीवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहीत आहेत. 'टी-आरएनएचा तंतुकणिकेत शिरकाव होतो' असं त्यांनी लिहिलं. (टी-आरएनए म्हणजे प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटा रेणू; तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग.) सहकाऱ्यांनी 'आवक' सुचवलं. यातलं काय ठेवावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझं मत दोन्हींच्या विरुद्ध, 'आयात'च्या बाजूने आहे.

शिरकाव होतो तो नकोशाचा. हिवतापाचा परजीवी रक्तात शिरकाव करतो, हे चपखल. टी-आरएनए मात्र तंतुकणिकेला हवाच असतो. माणसाच्या तंतुकणिकेत टी-आरएनएची स्वतःची 22 जनुकं असतात. ट्रिपॅनोसोमा ब्रुसाय (झोपेच्या आजाराचा परजीवी तो हाच) किंवा त्याचा नातलग परजीवी लिश्मानिया यांच्या तंतुकणिकेत एकही नाही. प्रथिनं तर तिथेही तयार होतात, म्हणजे बाहेरून आणण्यावाचून गत्यंतर नाही.

'आवक' बरीच जवळची. पण आपण कसं बोलतो ते ऐका: मिरकरवाड्याला बांगड्याची आवक होते, वाशीला हापूसची आवक वाढते. आवक 'होते', ती कोणी 'करत' नाही. किती माल आला एवढंच ती सांगते. 'आयात करणे' म्हटलं की कर्ता आला, हद्द आली आणि निवडही आली. मलावीचा हापूस वाशीला येतो, तेव्हा आपण आयात म्हणतो ते त्यामुळेच.

इथे निवड खरोखरच आहे. ट्रिपॅनोसोमात प्रथिनाची साखळी वाढवणारा मेथिओनिनचा (हे एक अमिनो आम्ल) टी-आरएनए आत घेतला जातो, साखळी सुरू करणारा पेशीद्रवातच, म्हणजे तंतुकणिकेबाहेरच्या द्रवात, राहतो. ट्रिप्टोफॅनच्या टी-आरएनएची गंमत तर पाहण्यासारखी आहे: आत आल्यावर त्याच्या प्रतिसंकेतातल्या (संकेताशी जुळणाऱ्या तीन अक्षरांतल्या) 'सी'चा 'यू' केला जातो. त्यामुळे 'यूजीए' हा संकेत, जो पेशीद्रवात 'थांबा' सांगतो, तंतुकणिकेत ट्रिप्टोफॅन म्हणून वाचता येतो. ही आलेल्या मालावर केलेली प्रक्रियाच झाली, आणि ती 'आवक'मध्ये मावत नाही.

'स्थलांतर' तर नकोच. टी-आरएनएचा बहुतांश साठा पेशीद्रवातच असतो.

वाक्य असं करा: 'ट्रिपॅनोसोमाची तंतुकणिका आपले सगळे टी-आरएनए पेशीद्रवातून आयात करते.' याच व्यवहाराला पेशीद्रवाच्या बाजूने 'निर्यात' मात्र म्हणू नका. तो शब्द टी-आरएनए केंद्रकातून बाहेर पडतो त्या आधीच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा लागेल.