कमानपाट्यापासून (ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) घडवलेल्या कोयत्याला पाणी दिल्यावर (तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर) धारेला तडा का जातो?

बहुधा थंड पाण्यात बुडवल्यामुळे. ट्रकच्या कमानपाट्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, पाण्याचा झटका त्याला सोसत नाही. कोमट गोडेतेल वापरा. पातं लाल झालं की लोहचुंबक लावून पाहा. साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर ते चिकटत नाही. तिथून किंचित पुढे तापवून तेलात सोडा. ठिणग्या उडेपर्यंत तापवलंत तर पातं गेलंच समजा. रंग सावलीतच बघा, उन्हात हमखास फसगत होते. धारेवरून कानस घसरली म्हणजे पातं कडक झालं. लगेच धार घासून उजळ करा आणि पाठीकडून हळूहळू शेका. उजळ धारेवर गवती पिवळा रंग आला की थांबा. ऊसतोडीच्या कोयत्याला जरा तांबूस होऊ द्या. आणि हो, जुन्या पाट्याच्या मधल्या भोकाजवळ बारीक भेगा असू शकतात, तो तुकडा घेऊच नका.