बांधकाम साइटवर डिजिटल तंत्रज्ञानामुळे खरंच काही बदललंय का, की नुसता गाजावाजा आहे?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा सिव्हिल संपत आलाय आणि कॉलेजात ड्रोन, बीआयएम (म्हणजे कंप्युटरवर इमारतीचं सगळ्या माहितीसकट मॉडेल), एआय असलंच ऐकायला मिळतंय, तर साइटवर गेल्यावर यातलं नेमकं काय दिसणार. मी बेळगावात 16 वर्षं साइटवर आहे, आधी सुपरवायझर होतो आणि आता छोटी कामं स्वतः घेतो, म्हणजे अनगोळ, वडगाव, हिंडलगा भागात 30 बाय 40 फुटांच्या प्लॉटवर खाली-वर दोन मजल्यांचं घर, कधी खानापूरकडं शेतातलं एखादं. त्यामुळं पुण्या-बेंगळुरातल्या टॉवरचं मला विचारू नका, आमच्याकडं काय चाललंय ते सांगतो.

आमच्या साइटवरचं सगळ्यात मोठं मशीन म्हणजे व्हॉट्सॲप. हसू नका. पूर्वी ड्रॉइंगची एक शीट असायची, मेस्त्रीच्या खिशात घडी घालून घालून चार तुकडे झालेली, आणि ती हरवली की काम बंद. आता पीडीएफ येते आणि सगळ्यांच्या मोबाईलवर असते. पण त्यातच घोळ होतो.

मागं वडगावात एका घराचा पहिला स्लॅब होता, दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ला रेडीमिक्स, म्हणजे प्लांटमधनं गाडीतनं येणारं तयार काँक्रीट, बुक. मालकांनी शेवटच्या आठवड्यात वर एक भिंत वाढवली म्हणून डिझाइनवाल्यांनी त्याखालच्या बीमला 16 एमएमचा एक बार जादा दिला आणि रिंगा, म्हणजे बारांभोवती घालायच्या सळईच्या कड्या, 6 इंचांवरून 4 इंचांवर आणल्या. सुधारित ड्रॉइंग आदल्या रात्री ग्रुपवर पडलं, त्याच्यावर टाइल्सचे 40 फोटो, गुड मॉर्निंग, कुणाचा तरी वाढदिवस. सळईवाल्या पोरांनी मोबाईल उघडला तर आधी डाउनलोड केलेली जुनी फाइल उघडली, कारण दोन्हींचं नाव एकच! संध्याकाळी 6 ला मी टेप लावून रिंगा मोजायला लागलो तेव्हा कळलं. पोरं ओडिशाची, दमून रूमवर गेलेली, परत बोलावली, हॅलोजन लावला, बांधलेला बीम मोकळा करून रिंगा परत ओवल्या. रात्रीचे साडेअकरा झाले आणि मला कुणी जेवलास का पण विचारलं नाही. तेव्हापासून माझा नियम, ड्रॉइंगचा ग्रुप वेगळा, त्यात आर्किटेक्ट आणि मी सोडून कुणी काही टाकायचं नाही, फाइलच्या नावात तारीख पाहिजेच, आणि एवढं करून शेवटी ए-थ्री प्रिंट काढून सेंट्रिंगच्या फळीवर ठोकायची.

त्याच व्हॉट्सॲपचा फायदाही सांगतो. स्लॅब भरायच्या आधी प्रत्येक बीमचा टेप लावून फोटो काढतो, कव्हर ब्लॉक (सळई फळीला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे) दिसले पाहिजेत, काँक्रीट पडल्यावर आत काय होतं ते कुणाला दिसणाराय? पूर्वी बिलाच्या वेळी "मी सांगितलं होतं", "तुम्ही सांगितलं नव्हतं" यावर दोन-दोन दिवस जायचे, आता वेळेसकट फोटो पुढं टाकला की विषय संपला. आणि व्हॉइस मेसेज! आमच्या साइटवर गवंडी मराठी, बिगारी गदग-रायचूरकडचे कन्नड, सळईवाले हिंदी. लिहिलेलं निम्म्यांना वाचता येत नाही, पण माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमधला 20 सेकंदांचा मेसेज सगळ्या बिगाऱ्यांना कळतो. (तुम्ही सीमाभागात काम करणार असाल तर ऑटोकॅडच्या आधी कन्नड शिका, हे मी मनापासून सांगायलोय. ई-खात्याचे, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे, कागदही कन्नडमध्येच असतात, मालक ते आपल्यापुढंच धरतात.)

आता लेझर लेव्हल, म्हणजे भिंतीवर उजेडाची सरळ रेषा पाडणारं यंत्र. हिरव्या रेषेची घेतलीय, लाल रेषेपेक्षा डोळ्याला लवकर दिसते. प्लास्टर, टाइल्स, खिडक्यांची लेव्हल, आतल्या कामाला याच्यासारखं काही नाही, दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम तासात होतं. पण दुपारच्या उन्हात टेरेसवर लावा, रेषाच दिसत नाही. तिथं आमचे मामा, म्हणजे आमचे थोरले गवंडी, वय साठीच्या पुढं, पिशवीतनं पाण्याची नळी काढतात. नळीत एक बुडबुडा राहिला तरी लेव्हल चुकते, म्हणून आधी ती बोटानं टिचक्या मारत शेवटापर्यंत बघत जातात. लेझरला मामांचा विरोध नाही बरं का, पण एकदा बाथरूममध्ये नव्या पोरानं लेझर बघून फरशी एकदम सपाट बसवली, मामांनी बादलीभर पाणी ओतलं, पाणी जागचं हललं नाही. "मशीननं लेव्हल सांगितली, ढाळ कुणी सांगायचा गा?" एवढंच म्हणाले, आणि पोरानं दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं फरशी उखडली.

प्लॉटची आखणी पण बदललीय. 30 बाय 40 ला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप बरोबर 50 फूट आला की गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे, हे गवंड्याला शाळेत न जाता माहीत असतं, तोच 3-4-5 चा हिशोब. आता मालक टोटल स्टेशनवाल्याला, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन येणाऱ्याला, बोलावतात. ते चांगलंच, फक्त त्यानंतर शेजाऱ्याचं कंपाउंड 4 इंच आत आलंय असं निघतं आणि काम राहतं बाजूला. हल्ली तर कर्नाटक सरकारच्या जमिनीच्या नकाशाच्या दिशांक ॲपमध्ये सर्व्हे नंबर बघून मालक स्वतःच हद्द दाखवायला लागतात. मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडं-तिकडं दाखवतं, त्यावर पाया खणायचा नसतो हे त्यांना समजावण्यात एक सकाळ जाते.

रेडीमिक्सची गाडी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतनं निघाली की लाइव्ह लोकेशन येतं, आरपीडी क्रॉसच्या चौकात अडकलीय ते दिसतं, तेवढ्यात पंपवाल्याला चहा पाजता येतो. गाडी भरल्यापासून 2 तासांत माल खाली व्हायला पाहिजे, म्हणून स्लिपवरची वेळ बघायची सवय आत्ताच लावून घ्या.

ड्रोन विचाराल तर आमच्यासारख्यांकडं नाही, ते हायवेवर. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं (एनएचएआय) 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गाच्या कामांचं दर महिन्याला ड्रोननं शूटिंग सक्तीचं केलं. बीआयएम मी तरी या भागात घरबांधणीत बघितलं नाही. थ्रीडी चित्रं मात्र प्रत्येक मालकाकडं असतात, आणि हॉलमध्ये बीम दिसली की "थ्रीडीत नव्हती ओ ही" म्हणून भांडण ठरलेलं.

आता जे कुणी सांगत नाही ते. शनिवारचा पगार आता फोन-पे वर. मला हिशोबाला बरं पडतं, कुणाला उचल किती दिली, हजेरी किती, सगळं मोबाईलमध्ये. पण आमच्याकडं घमेली उचलणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांकडं स्वतःचा मोबाईल नाही, नंबर नवऱ्याचा, म्हणजे पैसे नवऱ्याच्या खात्यात. पूर्वी संध्याकाळी हातात रोख पडायची, बाजार करून घरी जायच्या. मी सहा-सात महिने तसाच पाठवत होतो, डोक्यातच आलं नाही. एक दिवस एक मावशी उशिरापर्यंत थांबल्या, सगळे गेल्यावर म्हणाल्या, साहेब, माझा पगार माझ्या हातात द्या की. आता दर शनिवारी दुपारी मी एटीएमला जातो, बायकांचं पाकीट वेगळं करतो, आणि तेवढी हजेरी वहीत लिहितो.