खुर्ची, कोळसा आणि शेजारची बेटं

नोव्हेंबर २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिबरल पक्षाने २०५०पर्यंतच्या ‘नेट झिरो’चं, म्हणजे निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचं, उद्दिष्ट सोडून दिलं. मागच्या अंकात मी मेलबर्नहून त्यावर, आणि हवामान धोरणावरून इथले नेते कसे पडतात त्यावर लिहिलं होतं, त्याला बरीच पत्रं आली. काहींत नुसतंच ‘आपल्याला काय त्याचं?’ असं होतं, ती बाजूला ठेवली. बाकीच्यांतली ही निवडक.

प्रश्न : ताई, तुमच्याकडे निवडणूक नसतानाही पंतप्रधान बदलतात. लोक गप्प कसे बसतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : लोक चिडतात हो, पण त्यांना विचारतो कोण! पद्धत आपल्यासारखीच संसदीय आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे वरून निरीक्षक येतात, आमदारांना रिसॉर्टवर नेतात आणि मग एका ओळीचा ठराव होतो. इथे राजधानी कॅनबेरात पक्षाचे खासदार सकाळी एका खोलीत जमतात, दार लावतात, चिठ्ठ्या टाकतात आणि तासाभरात नवा नेता घेऊन बाहेर येतात. याला ‘स्पिल’ म्हणतात. २०१० ते २०१८ या काळात मजूर पक्षाचे रड आणि गिलार्ड, लिबरल पक्षाचे अ‍ॅबट आणि टर्नबुल अशा चार पंतप्रधानांना त्यांच्याच पक्षाने असं घरी पाठवलं.

यातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा स्पिल विरोधी पक्षातला आहे. तारीख १ डिसेंबर २००९. माल्कम टर्नबुल तेव्हा लिबरल पक्षाचे आणि म्हणून विरोधी पक्षाचे नेते होते. रड सरकारच्या कार्बन परवान्यांच्या (कार्बन सोडायचा तर परवाना विकत घ्या, अशा) विधेयकाला पाठिंबा द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पक्षात बंड झालं. टोनी अ‍ॅबट ४२, टर्नबुल ४१. एका चिठ्ठीवर कुणीतरी नावच न घालता ‘नो’ एवढंच लिहिलं होतं! दुसऱ्या दिवशी विधेयक सिनेटमध्ये पडलं. (ग्रीन पक्षानेही विरोधात मत दिलं. त्यांना ते फार मिळमिळीत वाटत होतं. हे त्यांना आजही कुणी ना कुणी ऐकवतंच.)

नंतर दोन्ही मोठ्या पक्षांनी नियम कडक केले, त्यामुळे गादीवरच्या पंतप्रधानाला उठवणं आता सोपं नाही. लिबरल पक्षात विरोधी पक्षनेत्याला मात्र तसं कवच नाही.

प्रश्न : हवामान धोरणामुळे नेते पडतात हे जरा ताणल्यासारखं वाटलं. खरं कारण वीजबिल असणार. – महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बरोबर पकडलंस. वीजबिल हेच तर हत्यार. १ जुलै २०१२पासून गिलार्ड सरकारने मोठ्या प्रदूषकांना कार्बन उत्सर्जनाच्या टनामागे २३ डॉलर लावले. लोकांना झळ लागू नये म्हणून करमुक्त उत्पन्नाची मर्यादा सहा हजारांवरून १८,२०० डॉलरवर नेली. पण गिलार्डबाईंनी २०१०च्या निवडणुकीआधी ‘माझ्या सरकारात कार्बन टॅक्स येणार नाही’ असं सांगितलेलं होतं. अ‍ॅबटनी ते वाक्य सोडलं नाही. २०१३मध्ये ते जिंकले, जुलै २०१४मध्ये कर गेला. वाढवलेली करमुक्त मर्यादा मात्र परत खाली आणायची हिंमत कुणी केली नाही.

पुढे टर्नबुल पंतप्रधान झाले आणि ऑगस्ट २०१८मध्ये पुन्हा पडले. निमित्त होतं ऊर्जा धोरणात उत्सर्जनाचं लक्ष्य घालण्याचं. एकाच विषयाने एकाच माणसाची खुर्ची दोनदा नेली.

पण नुसत्या बिलाने आजचं चित्र समजत नाही. मी राहते तो मेलबर्नमधला कूयाँग मतदारसंघ. लिबरल पक्षाचे संस्थापक रॉबर्ट मेन्झीस इथलेच खासदार. मतदान शनिवारी असतं, केंद्र बहुधा शाळेत. आमच्या शाळेची पालक समिती फाटकाशी सॉसेजचा स्टॉल लावते. मुलं कधीच शाळेतून बाहेर पडली, तरी मी अजून त्या स्टॉलवर कांदा परतायला जाते. ब्रेडची एक स्लाइस, त्यात सॉसेज, वर कांदा आणि सॉस. माझ्यासारख्या शाकाहारी लोकांना कांदा-ब्रेड. कुंपणभर उमेदवारांचे प्लास्टिकचे फलक, आणि सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आमच्याकडेच खायला येतात. २०२२ला अपक्ष उमेदवाराच्या हिरवट-निळ्या टी-शर्टवाल्यांची इतकी गर्दी होती की निळ्या शर्टातला लिबरल कार्यकर्ता शोधावा लागत होता. त्या टी-शर्टवाल्यांत निम्म्या बायका, आणि त्यातल्या कित्येक जणी जन्मभर लिबरलना मत दिलेल्या. मुलांचे डॉक्टर, शाळेतल्या मुलांच्या आया, दोन घरं पलीकडची वकीलबाई. हवामान हा त्यांचा पहिला मुद्दा. तेव्हाचे लिबरल अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग इथे अपक्ष मोनिक रायन यांच्याकडून हरले. त्याच दिवशी सिडनी आणि पर्थच्या सुखवस्तू भागांतही असेच अपक्ष निवडून आले.

आता स्पिलच्या खोलीत परत जाऊ. नेट झिरो हवं असणाऱ्या मतदारांचे लिबरल खासदार हरले. हरलेल्यांना त्या खोलीत मत नाही. उरले ते प्रामुख्याने शहराबाहेरचे, आणि शेजारी कोळसापट्ट्यातला मित्रपक्ष, नॅशनल्स. म्हणजे पक्ष जितका शहरांत हरतो, तितकं आतलं गणित शहरांच्या विरुद्ध झुकतं. मे २०२५मध्ये तर नेते पीटर डटन स्वतःची जागाही हरले. सुझन ली पक्षाच्या पहिल्या महिला नेत्या झाल्या, त्याही २९ विरुद्ध २५ने. इतक्या थोड्या आघाडीवर बसलेला नेता उद्दिष्टासाठी लढेल, की खुर्ची सांभाळेल? नोव्हेंबरात आधी नॅशनल्सनी नेट झिरो सोडलं, दोन आठवड्यांच्या आत लिबरलनी. मला त्यात तत्त्वापेक्षा बेरीज जास्त दिसते.

प्रश्न : सिडनीतला जावई सांगतो, शेजारीपाजारी सगळ्यांच्या छतावर सोलर आहे. मग हा देश हवामानात वाईट कसा? – एक सासूबाई, ठाणे

उत्तर : जावई खरं सांगतात. चाळीस लाखांहून जास्त छतांवर पॅनेल आहेत, आणि जुलै २०२५पासून घरच्या बॅटरीवरही सरकारी सवलत मिळते. दुपारी वीज इतकी होते की घाऊक भाव शून्याखाली जातो. गोम दुसरीकडे आहे. इथला कोळसा आणि गॅस जहाजाने जपान, चीन, कोरिया, भारतात जातो. तो जाळला जातो तिथे, म्हणून त्याचा धूर हिशेबातही तिथेच धरला जातो. सप्टेंबर २०२५मध्ये पंतप्रधान आल्बनीझी यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने २०३५पर्यंत उत्सर्जन २००५च्या तुलनेत ६२ ते ७० टक्के घटवण्याचं लक्ष्य जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या नॉर्थ वेस्ट शेल्फ गॅस प्रकल्पाला २०७०पर्यंत मुदतवाढही दिली. इथले मजूर पक्षाचे समर्थक या दुसऱ्या बातमीवर विषय बदलतात.

प्रश्न : आम्ही मिऱ्याच्या बाजूला राहतो, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं कवतिक ऐकत ऐकत म्हातारे झालो. तुवालूच्या लोकांना ऑस्ट्रेलिया घेतंय म्हणे. आपल्याला कोण घेणार? – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, तुमच्या मागे निदान डोंगर आहे. तुवालूला तो नाही. प्रशांत महासागरातली नऊ प्रवाळी बेटं, वस्ती जेमतेम दहा-अकरा हजार, आणि सगळ्यांत उंच जागाही चार-पाच मीटरच. बंधारे तेही बांधतायत, राजधानी फुनाफुटीत भराव घालून सुमारे सात हेक्टर नवी जमीनही केली आहे.

नोव्हेंबर २०२३मध्ये ऑस्ट्रेलिया आणि तुवालूने ‘फालेपिली’ करार केला, तो ऑगस्ट २०२४मध्ये लागू झाला. वर्षाला २८० जणांना इथे कायम राहायची, शिकायची, नोकरीची मुभा. निवड सोडतीने. २०२५च्या पहिल्याच सोडतीत निम्म्याहून जास्त देशाने नाव घातलं. देश बुडाला तरी त्याचं राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम मानू, हेही ऑस्ट्रेलियाने त्यात मान्य केलं आहे.

फुकट मात्र काही नाही. दुसऱ्या कुठल्या देशाशी संरक्षण वा सुरक्षेचा करार करायचा, तर तुवालूला आधी ऑस्ट्रेलियाची संमती लागते. इथे ‘दुसरा देश’ म्हणजे कोण, हे शाळकरी पोरही सांगेल. एप्रिल २०२२मध्ये सॉलोमन बेटांनी चीनशी सुरक्षा करार केला, तेव्हा कॅनबेराची झोप उडाली. महिन्याभराने इथलं सरकार बदललं आणि परराष्ट्रमंत्री पेनी वाँग शपथेनंतर काही दिवसांतच फिजीला पोचल्या.

त्यांना निस्तरायचंही बरंच होतं. २०१५मध्ये, तेव्हा मंत्री असलेले डटन बेटांवरच्या लोकांबद्दल, दारात पाणी आलेल्यांना वेळेचं काय, अशा अर्थाचा विनोद करून बसले, डोक्यावर माइक सुरू असताना. २०१९मध्ये तुवालूतल्याच प्रशांत बेटांच्या परिषदेत कोळशाच्या उल्लेखावरून ऑस्ट्रेलिया अडून बसला, आणि उपपंतप्रधान मायकेल मॅकॉरमॅक म्हणाले की बेटांवरचे लोक तगतील, ते आमच्याकडे फळं तोडायला येतात ना! नंतर दिलगिरी झाली. बेटांवर ती वाक्यं अजून पाठ आहेत.

प्रश्न : २०२६ची हवामान परिषद ऑस्ट्रेलियात व्हायची होती. तुर्कस्तानला कशी गेली? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोघेही हटेनात. ऑस्ट्रेलियाला ती अ‍ॅडलेडला आणि बेटांसोबत भरवायची होती. यजमान एकमताने ठरतो, आणि तुर्कस्तानने माघार घेतली नाही. शेवटी २०२५च्या परिषदेत, ब्राझीलमध्ये, तोडगा निघाला. मांडव तुर्कस्तानातल्या अंतल्याला, वाटाघाटींची सूत्रं ऑस्ट्रेलियाच्या ऊर्जामंत्र्यांकडे, आणि एक पूर्वतयारीची बैठक प्रशांत महासागरातल्या एखाद्या बेटावर. बेटांच्या वाट्याला तेवढंच आलं.

प्रश्न : एवढं सगळं लिहिता, स्वतः मत कुणाला देता? – एक खोचक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते नाही सांगणार. पण इथे एका नावापुढे खूण करून भागत नाही, कनिष्ठ सभागृहासाठी प्रत्येक उमेदवाराला पसंतीचा क्रमांक द्यावा लागतो. मतदान न केलं तर वीस डॉलर दंड. मी शेवटचा क्रमांक कुणाला द्यायचा ते आधी ठरवते, आणि मग खालून वर येते.