‘काल्पनिक’ की ‘कल्पिलेलं’?

प्रश्न : राष्ट्र ‘काल्पनिक’ असतं, असं तुम्ही मानवशास्त्रवाले म्हणता. मग त्यासाठी जीव देणारे काय खोट्यापायी मेले? – एक निवृत्त सैनिक

उत्तर : तुमचा राग पोचला. त्यात दोष आम्हा मास्तरांचाही आहे. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी 1983 साली राष्ट्राला जे ‘imagined’ हे विशेषण लावलं, त्याचं मी वर्षानुवर्षं फळ्यावर ‘काल्पनिक’ करून टाकलं. चूक होती. ‘कल्पिलेलं’ म्हणायला हवं होतं. ज्यांची तोंडंही आपण जन्मात पाहणार नाही, असे लाखो लोक आपले आहेत, हे मनाशी धरणं. ते खोटं असतं असं अँडरसन म्हणत नाहीत. उलट राष्ट्र घडवण्याला बनावटपणाच्या रांगेत बसवल्याबद्दल त्यांनी अर्नेस्ट गेलनर या दुसऱ्या अभ्यासकाला टोकलं आहे.

मात्र हे धरणं उपजत नसतं, एवढं तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल. पोलेसिया हा आजच्या बेलारूस-युक्रेन सीमेवरचा दलदलीचा मुलूख; त्याचा पश्चिम भाग दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडकडे होता. तिथे 1931 च्या जनगणनेत मातृभाषा विचारली, तर 7 लाखांहून जास्त लोकांपुढे नोंद पडली : ‘इथली’. पोलिश नाही, बेलारूसी नाही, युक्रेनी नाही. इथली! बेलारूसी आणि युक्रेनी आकडे कमी दिसावेत म्हणून हा रकाना सरकारला सोयीचा होता, असा संशय अभ्यासक घेतात, आणि मलाही तो रास्त वाटतो. पण ‘तुम्ही कोण?’ म्हटल्यावर ‘आम्ही इथले’ असं सांगणारी माणसं त्या भागात खरोखर होती. गाव, धर्म, धनी कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक. राष्ट्राचा प्रश्न मात्र कागद घेऊन बाहेरून आला.

आणि उत्तर बदलतंही. सुदानच्या पश्चिमेला दारफुरमध्ये फर हे शेतकरी, बग्गारा हे गुराखी. मानवशास्त्रज्ञ गुनार होलांड यांनी तिथे पाहिलं, की एखाद्या फर कुटुंबाकडे गुरं वाढली की ते शेत सोडून गुरांमागे फिरू लागतं, आणि हळूहळू लोक त्याला बग्गाराच धरतात. फ्रेडरिक बार्थ यांनी 1969 साली संपादित केलेल्या ग्रंथात हे आलं आहे. बार्थ यांचं म्हणणं, दोन गटांमधल्या कुंपणाच्या आत काय आहे ते मागाहून बघा, आधी कुंपण कोण आणि कसं राखतंय ते बघा.

आता एक उलटा प्रश्न. भरतीच्या पहिल्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा अनोळखी पोरगा तुम्हाला ‘आपला’ कधी वाटायला लागला? कवायतीत, जेवणाच्या रांगेत, की त्याचं पत्र वाचून दाखवताना? आठवलं तर सविस्तर लिहा.