वाचकांचे प्रश्न : भाडे, शाळा आणि मुद्रांक शुल्क

प्रश्न : गिरगावातील चाळीत आमची तिसरी पिढी राहते. खोलीचे भाडे दोनशे रुपयांच्या आत आहे. भाडे नियंत्रण कायदा रद्द केल्यास मुंबईत घरे स्वस्त होतील, असे मुक्त बाजारपेठेचे समर्थक लिहितात. आमच्यासारख्यांना घराबाहेर काढून शहर स्वस्त कसे होणार, हे कृपया स्पष्ट करावे.
– एक भाडेकरू, गिरगाव

उत्तर : कायदा उद्या रद्द झाला तर आपले भाडे वाढेल, कमी होणार नाही, याविषयी कोणी आपली दिशाभूल करू नये. मुक्त बाजाराच्या समर्थकांचा मुद्दा नीट मांडायचा, तर तो आपल्या खोलीविषयी नसून जी खोली कधी बांधलीच गेली नाही तिच्याविषयी आहे.

मुंबईत भाड्यावर पहिले नियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली आले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच ‘प्रमाण भाडे’, म्हणजे मालकाला घेता येणारे कमाल भाडे, मानले. टंचाईच्या काळात हे समजण्यासारखे होते. परंतु तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे स्पष्ट केले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण ती त्याच गोठलेल्या रकमेवर. शंभर रुपयांचे भाडे या दराने पंचवीस वर्षांत सुमारे २६७ रुपये होते. तेवढ्यात चाळीचा जिना सोडाच, त्याचा कठडासुद्धा बदलून होत नाही.

दडपलेली किंमत नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या दाराने आत येते. मुंबईत ते दार पागडीचे, म्हणजे खोलीचा भाडेहक्क मिळवण्यासाठी एकरकमी द्यायच्या रकमेचे, होते. भाडे नाममात्र राहिल्यामुळे खोलीचे खरे मोल पागडीच्या रकमेत उतरले. हा व्यवहार कित्येक दशके बेकायदा असूनही सर्वांच्या डोळ्यांदेखत चालला आणि १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने त्याला चक्क मान्यता दिली. भाडे सरकारने ठरवायचे आणि भाडेकरूच्या हक्काची किंमत मात्र बाजाराने, अशी ही वाटणी झाली. गावाहून नव्याने आलेल्या, गाठीला रक्कम नसलेल्या माणसाला त्यात कोठेच जागा नव्हती. तो झोपडपट्टीत गेला. झोपडपट्टीच्या वाढीला केवळ हा कायदा जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही, पण तो निर्दोषही नाही.

इमारतींनीही या धोरणाची किंमत मोजली. भाड्यातून डागडुजी होईना, म्हणून १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि इमारतींवर उपकर बसवावा लागला; सुरुवातीला अशा इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. पुढे सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास इमारत संपादित करण्याचा अधिकार राज्याने घेतला, मालक न्यायालयात गेले, आणि त्या वादातून निघालेला प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत पोहोचला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा निर्णय ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने झाला. चाळीच्या गळक्या छपरापासून निघालेला वाद, ही साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी असे सांगणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ३९(ब) च्या अर्थापर्यंत जावा, यातच भाडे गोठवण्याच्या धोरणाचे लांबलेले परिणाम दिसतात.

बाजाराच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा मात्र लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देण्याच्या, व्यवहारात आहे. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा कराराने राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या वेळच्या रहिवाशांचे भले झाले, पण मालकांनी धडा घेतला तो रिकामे घर कुलूप लावून ठेवण्याचा. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ ने मुदत संपताच घर परत मिळण्याची, आणि न मिळाल्यास दुप्पट शुल्काची, हमी दिल्यावर ही कुलपे हळूहळू निघू लागली. आज नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येणारा तरुण ज्या घरात राहतो, ते बहुधा याच वाटेने मिळालेले असते. त्याच कायद्याने एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना आणि बँकांना भाडेसंरक्षणातून वगळले, म्हणजे संरक्षण गरजेनुसार असावे हे तत्त्व सरकारला मान्य आहे. फक्त ते कुटुंबांना आणि मोक्याच्या जागांवरील दुकानांना लावण्याचे धैर्य आजवर झालेले नाही.

तरीही केवळ भाडे मोकळे करून भागणार नाही, आणि येथे माझा बाजारवाद्यांशी वाद आहे. मुंबईत अनेक वर्षे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, शहरात १.३३ आणि उपनगरात १ इतकाच होता. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत मोकळ्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर केली. केंद्राने १९९९ मध्ये तो रद्द केल्यावरही महाराष्ट्राने २००७ पर्यंत त्याला सोडचिठ्ठी दिली नाही. आजही वाढीव निर्देशांक अधिमूल्य (प्रीमियम) आकारून विकला जातो, म्हणजे टंचाई निर्माण करणारे आणि ती विकून महसूल मिळवणारे सरकारच. बांधकामाचा पुरवठा असा आवळलेला असताना भाडे मोकळे केले, तर नवी घरे न वाढता आपल्या खोलीचे मोल तेवढे घरमालकाकडे जाईल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : आधी बांधकामावरील बंधने सैल करावीत, नवे भाडेकरार पूर्णतः मोकळे ठेवावेत, आणि आपल्यासारख्या जुन्या रहिवाशांना पुनर्विकासात मालकी हक्काचे घर किंवा टप्प्याटप्प्याने वाढणारे भाडे यांपैकी निवड द्यावी.

प्रश्न : मी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. शाळांना अनुदान देण्याऐवजी पालकांच्या हाती व्हाउचर, म्हणजे त्यांनी निवडलेल्या शाळेचे शुल्क भागवणारे सरकारी कूपन, द्यावे, असा विचार अधूनमधून मांडला जातो. यामुळे आमच्या शाळा बंद पडतील असे आपणांस वाटत नाही का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : काही शाळा बंद पडतील, हे खरे आहे. ही कल्पना मांडणाऱ्यांना तेच अपेक्षित असते. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या या विचाराचा गाभा असा, की शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, पण शाळा सरकारनेच चालवावी असे नाही.

आपल्याकडे याची अर्धीमुर्धी आवृत्ती आधीच अस्तित्वात आहे, हे सहसा लक्षात येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांचे शुल्क राज्याने भरायचे. महाराष्ट्राने ही प्रतिपूर्ती प्रतिविद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये ठेवली होती. ही रक्कम थकली की शाळा तोंडे वाकडी करतात, आणि त्याचा त्रास अर्ज करणाऱ्या पालकाला होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला यातून सूट देणारा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवला. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तरी तो नियम वाईटच होता, कारण घराजवळची शाळा नापसंत असेल तर दुसरी निवडण्याचा गरीब पालकाचा एकमेव मार्ग त्याने बंद केला होता.

तथापि, निवडीने गुणवत्ता आपोआप येत नाही. चिलीने १९८१ पासून व्हाउचर पद्धत देशभर राबवली. शाळाच विद्यार्थी निवडू लागल्या, वर जादा शुल्कही घेऊ लागल्या, आणि २०१५ मध्ये कायदा करून त्या देशाला दोन्ही गोष्टींना आळा घालावा लागला. आपल्याकडे १९८३ नंतर वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, तेव्हा जागा भरभर वाढल्या. त्यांच्यासोबत प्रवेशासाठी उकळली जाणारी देणगीही वाढली आणि १९८७ मध्ये तिच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. तो मोडण्याच्या युक्त्या पालकांना ठाऊक आहेत. व्हाउचर द्यायचे असेल तर सोडतीने प्रवेश आणि जादा शुल्काला मनाई, या दोन अटी सोडू नयेत. आपली शाळा चांगली असेल, तर या अटींखाली तिला भिण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : कर कमी केले की महसूल वाढतो, हे मुद्रांक शुल्काच्या बाबतीत २०२० मध्ये सिद्ध झाले, असे ऐकतो. ते खरे आहे काय?
– एक व्यावसायिक, ठाणे

उत्तर : सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. १ सप्टेंबर २०२० पासून मुंबईत घरखरेदीवरील हे शुल्क ५ वरून २ टक्के झाले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात एकट्या मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. पण सवलत ठरावीक मुदतीची होती, त्यामुळे पुढच्या वर्षी होणारी खरेदी त्या काही महिन्यांत उरकली गेली. मुदतीच्या सवलतीवरून कायमच्या दराचा निष्कर्ष काढणे म्हणजे दिवाळीच्या सेलवरून दुकानाची वार्षिक विक्री ठरवणे.

शुल्क कमी असावे यासाठी याहून चांगले कारण आहे. मुद्रांक शुल्क हा घर बदलण्यावरचा कर आहे. नोकरी बदलली म्हणून ठाण्याचे घर विकून पनवेलला जाणाऱ्याला तो भरावा लागतो, आणि घर रिकामे ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याला तो भरावा लागत नाही. जमिनीच्या मोलावर दरवर्षी थोडा कर आणि व्यवहारावर अत्यल्प शुल्क, हे अधिक न्याय्य ठरेल. महाराष्ट्राने २०२२ मध्ये नेमके उलटे केले : मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला आणि त्याच वर्षी एप्रिलपासून मेट्रोसाठीचा १ टक्का अधिभार मुद्रांक शुल्कावर चढला.